नवीन ग्रामपंचायतीच्या सभागृहात मंच हवाच का?

गिरणीवाली
२१ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तेराशे वस्तीच्या गावची ग्रामपंचायत सदस्य. दुसरी टर्म चालू आहे. घरची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे गावात काय शिजतंय ते मला सभेच्या आधी दळणाच्या रांगेतच कळतं.

आमच्या ग्रामपंचायतीला नवी इमारत मंजूर झाली आहे. आताचं कार्यालय म्हणजे दोन खोल्या. एकीत कपाटं, दुसरीत सरपंच, ग्रामसेवक आणि ऑपरेटर. ग्रामसभा आजवर मारुतीच्या देवळात होत आली. आता कार्यालयाला जोडून तीस बाय वीसचं सभागृह होणार. परवा इंजिनियरसाहेबांनी नकाशा आणला, सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. घरी येऊन झेरॉक्स पसरून बघितली आणि झोप उडाली.

आधी देवळातली सभा कशी भरते ते सांगते, म्हणजे झोप का उडाली ते कळेल. सभामंडपाला आठ खांब आहेत. कुठल्या खांबाला कुणी टेकायचं हे ठरलेलं आहे, म्हणजे कुणी ठरवलेलं नाही, पण त्या माणसाशिवाय तिथं कुणी टेकत नाही. बायका रस्त्यापलीकडे शाळेच्या व्हरांड्यात बसतात. कुणाला अडचण असली की ती देवळात चढत नाही, आणि दर सभेला पाच-दहा जणींना अडचण असतेच, म्हणून मग सगळ्याच व्हरांड्यात. खालच्या आळीतली माणसं पायरीपाशी उभी राहतात. "वर येऊ नका" असं आजकाल कुणी कुणाला म्हणत नाही. म्हणायची वेळच येत नाही.

यंदा १५ ऑगस्टला पाऊस किती होता तुम्हाला माहीत आहे. व्हरांड्यावर पत्रा. समोर देवळात माईकवर काय चाललंय त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. वहीवर सह्या झाल्या, चहा झाला, आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीची आखणी मळ्याच्या अंगाला सुरू झालेली दिसली. बायकांना ती वरच्या आळीत हवी होती, कारण तिथं पाणी चढतच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "ठराव झाला की, तुम्ही पण होतात." होतो ना. सह्या आहेत आमच्या.

आता नकाशा. सभागृहाच्या एका टोकाला अडीच फूट उंच मंच, त्यावर टेबल आणि नऊ खुर्च्या. आम्ही सदस्य सात, सरपंच धरून आठ. नववी कुणाची ते कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. मंचाकडे तोंड करून खुर्च्यांच्या रांगा. दार एकच, मागच्या बाजूला. म्हणजे उशिरा येणारी बाई (आणि बाई उशिराच येणार, सभा अकराला आणि भाकरी बाराला) सगळ्यांच्या पाठीमागे. संडास एक, इमारतीला वळसा घालून. दाखले, उतारे द्यायची खिडकी साडेतीन फुटांवर, जाळी लावलेली. सूचना फलक सरपंचांच्या केबिनमध्ये. कोनशिलेची जागा मात्र दर्शनी भिंतीवर, मापासकट.

मंचाचं जास्त टोचलं, कारण तो माझ्यासारख्यांसाठीच बांधलाय असं सांगतात. "ताई, तुम्ही वर बसणार!" वर कशी बसणार? समोर खाली माझे सासरे असतात, थोरले दीर असतात. मी त्यांच्या डोक्यापेक्षा वर खुर्चीवर बसले तर सगळा वेळ पदर सावरण्यात जाणार. मागच्या टर्मला एका कार्यक्रमात बसले होते. दीड तासात एक शब्द बोलले नाही. आणि मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही, गिरणीत विचारा.

तर विचारायचं एवढंच की सभागृह कसं असावं म्हणजे माणसं बोलतील? मंच काढून टाकला तर काही कायद्याचं आडवं येतं का? कुणाच्या गावात वेगळं काही केलेलं आहे का? पायाचं काम दिवाळीनंतर आहे, तोवर नकाशात फिरवाफिरव होते असं इंजिनियरसाहेब म्हणालेत. नाखुशीनं, पण म्हणालेत.


निवृत्त गुरुजी
२२ ऑगस्ट, सकाळी ६.१५

ताई, मी जिल्हा परिषदेचा मास्तर, अमरावतीकडला. सभागृहाबद्दल मला काही कळत नाही. पण मतदान केंद्र लावण्यात उभी हयात गेली, कागदाच्या मतपत्रिकेपासून मशीनपर्यंत. त्या खोलीत एक टेबल वितभर इकडंतिकडं झालं की माणसाचं मन कसं बदलतं ते मी पाहिलं आहे.

मतदानाचा आडोसा खिडकीसमोर लावला तर बाहेरून दिसतं, म्हणून आम्ही आधी खिडकी शोधायचो. एका गावात खोली इतकी लहान की आडोशाची उघडी बाजू पोलिंग एजंटच्या बाकाकडे आली. नियमाप्रमाणे दिसत काहीच नव्हतं. पण पहिल्या तासात बाया आत जात, मान वळवून बाकाकडे बघत अन् मग बटण दाबत. आम्ही बाकं उचलून दाराच्या बाजूला नेली. मान वळवणं थांबलं. तेव्हापासून माझं मत असं झालं की गुप्त मतदान कायद्यात नंतर येतं, आधी ते टेबलाच्या जागेत असतं.

आपल्या देशानं ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला १७ कोटींवर मतदार, अन् साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा शिक्का नव्हताच. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, मतदारानं कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. वाचता येत नाही म्हणून कुणाला विचारावं लागू नये यासाठी ही सगळी खटपट. लाखो लोखंडी पेट्या लागल्या, त्यातल्या पुष्कळशा मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या.

पण त्याच निवडणुकीत दुसरीकडे घोटाळा झाला, अन् तो तुम्हा बायांच्या वाट्याला आला. मतदार नोंदताना बऱ्याच जणींनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची लेक असंच सांगितलं. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनी ठरवलं की नावाशिवाय नोंद चालणार नाही. सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. माणूस कडक होता, पण पुढच्या वेळी बाया नाव सांगू लागल्या. फॉर्मवरचा एक रकाना काय करतो बघा.

मग मतपत्रिका आणि शिक्का आला. त्या शिक्क्याची बाणांची फुली आठवते का कुणाला? आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की साधी फुली का नाही. शाई ओली असताना मतपत्रिकेची घडी घातली की ती दुसऱ्या बाजूला उमटते. साधी फुली असती तर दोन्ही ठसे सारखे, मत कुणाला ते कळलं नसतं. ही फुली अशी की उमटलेला ठसा उलटा दिसतो, म्हणजे खरा कोणता ते मोजणाऱ्याला लगेच कळतं. ज्यानं हे डोकं चालवलं त्याचं नाव मला माहीत नाही, पण मी त्याला रोज नमस्कार करायला तयार आहे.

मशीनचं रूपही आपल्याकडचंच. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रातल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी त्याची घडण केली. चिन्ह, त्याच्या रांगेत दिवा, त्याच रांगेत निळं बटण. बोट चिन्हावरून सरळ उजवीकडे सरकतं. वाचावं लागत नाही. अन् शेवटी लांब आवाज, म्हणजे मत पडलं. तो आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येतो, अन् अधिकाऱ्यानं पुन्हा सुरू केल्याशिवाय मशीन दुसरं मत घेत नाही.

पण हेच मशीन ग्रामपंचायतीला लावलं की फजिती होते. एका प्रभागात दोन किंवा तीन जागा. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, एक पांढरी, एक गुलाबी, एक पिवळी. म्हातारी एक बटण दाबते, लोकसभेची सवय, अन् निघाली बाहेर. आवाज काही येत नाही. एजंट ओरडतात, "आजी, अजून दोन!" मग आजीला वाटतं आपण काहीतरी गुन्हा केला. मशीन तेच, आजी तीच.

म्हणून सांगतो, नकाशा कागदावर बघू नका. खडू घ्या, शाळेच्या पटांगणात आखा, अन् माणसं बसवून बघा.


राइनकाठ
२२ ऑगस्ट, दुपारी २.०५

मी मूळचा कराडचा, सध्या जर्मनीत. गुरुजींचा प्रतिसाद दोनदा वाचला.

बसण्याच्या रचनेवर भांडणं मोठमोठ्या संसदांत झाली आहेत, त्यामुळे ताई, तुम्ही काही क्षुल्लक विचारत नाही आहात. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सचं दालन मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनं उद्ध्वस्त झालं. १९४३ मध्ये ते पुन्हा कसं बांधायचं यावर चर्चा झाली. अर्धवर्तुळ करायचं का, सगळ्यांना पुरेल एवढं मोठं करायचं का? चर्चिल म्हणाले, होतं तसंच, लांबट आणि लहान. दोन्ही बाजू समोरासमोर, आणि जागा मुद्दाम कमी. आजही तिथं ६५० सदस्यांना ४२७ च जागा आहेत. दालन रिकामं वाटू नये आणि मोठ्या चर्चेला दाटी व्हावी, हा हेतू. आपण इमारतींना घडवतो आणि मग इमारती आपल्याला, हे त्यांचं गाजलेलं वाक्य त्याच भाषणातलं.

जर्मनांची संसद तेव्हा बॉनमध्ये होती, तिथं त्यांनी उलटं केलं. १९९२ साली नवीन सभागृह उघडलं, गोल मांडणीचं, भिंती काचेच्या. राजधानी बर्लिनला गेली आणि १९९९ मध्ये ते सोडावं लागलं. बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे संसदेच्या जुन्या इमारतीवर, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरनं काचेचा घुमट बसवला. लोक चढत जातात, खाली खासदार बसलेले. जनता वर, प्रतिनिधी खाली, अशी कल्पना. मी दोनदा जाऊन आलो. खरं सांगायचं तर वरून टकलं दिसतात, ऐकू काही येत नाही. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यासारखंच.

एक सावधगिरीची गोष्ट. २००० साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मतपत्रिका बनवताना अधिकारीबाईंनी म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. अक्षरं मोठी झाल्यामुळे नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत द्यायला टोचायची भोकं मधोमध आली. डावीकडचं दुसरं नाव अल गोर यांचं, पण दुसरं भोक उजवीकडच्या ब्युकॅनन यांचं. त्या एका काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली. अख्ख्या राज्यात गोर हरले ते ५३७ मतांनी. बाईंचा हेतू चांगलाच होता.


गिरणीवाली
२२ ऑगस्ट, रात्री ९.३०

चित्रानं काय होतं ते आम्हा सातारकरांना अमेरिकेत जाऊन बघायला नको. २०२४ च्या लोकसभेला एकीकडे तुतारी वाजवणारा माणूस आणि दुसरीकडे अपक्षाचं ट्रम्पेट, त्याचंही नाव मराठीत तुतारीच छापलेलं. आम्ही त्याला पिपाणी म्हणतो. तुतारीवाला उमेदवार हरला ३२,७७१ मतांनी आणि पिपाणीला ३७,०६२ मतं. त्यातली किती चुकून पडली ते देवालाच माहीत, सगळी चुकून पडली असंही मी म्हणणार नाही. पण माझ्या गिरणीत दोन म्हाताऱ्या निकालाच्या दिवशी भांडत होत्या, की आपण दाबलं ते नेमकं कुठलं. तेवढं मी कानानं ऐकलंय.

गुरुजी, तुमची ती मान वळवणारी बाई डोळ्यांपुढून जात नाही.


नमुना आठ
२३ ऑगस्ट, सकाळी ११.२०

मी ग्रामसेवक आहे, जिल्हा सांगत नाही. बाईंचा त्रास खरा आहे, पण नुसत्या बसण्यानं तो सुटेल असं मला वाटत नाही. आधी कायद्याचं. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं कमी ते. तेवढी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्ती लागतच नाही. म्हणून कित्येक ठिकाणी खरी सभा ती तहकूब झालेलीच. तिला वीस डोकी असतात आणि ठराव पटापट होतात. तुमच्या सभागृहाला चार मंच असोत की एकही नसो, तिथं काय फरक पडणार?

मंच असलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. अध्यक्ष लागतो आणि इतिवृत्त लिहायला मला टेबल लागतं, बस. नववी खुर्ची कुणाची हे आम्ही ग्रामसेवक लोक फार चांगलं ओळखतो, ते जाऊ द्या. सदस्याच्या जागी नवऱ्यानं बसायचं नसतं एवढं लिहून ठेवतो. खुर्ची मांडलेली असली की मात्र उठवायचं धाडस कुणाला होत नाही. म्हणून मांडूच नका.

आता अनुभवाचं. एक, वर स्लॅब घ्या. वर्षातल्या चार सभांपैकी १५ ऑगस्टची हमखास पावसात येते आणि पत्र्याखाली माणूस बोलतो ते शेजाऱ्यालाही कळत नाही. पैसे कमी पडले तर हॉल लहान करा, पण पत्रा नको. दोन, माईकची वायर. हसू नका. आमच्याकडे माईकची वायर दहा फूट होती. दहा फुटांच्या आत जे बसत तेच बोलत. मी माझ्या पैशानं बिनवायरचा माईक आणला, तर पहिल्याच सभेत मागच्या कोपऱ्यातून एका मेंढपाळानं तीन वर्षांची पाणंद रस्त्याची तक्रार काढली. सरपंच माझ्यावर महिनाभर नाराज. तीन, सगळ्यांना जाजमावर बसवायचं म्हणत असाल तर म्हाताऱ्यांचे गुडघे बघा. तिन्ही भिंतींना दीड फुटाचा कट्टा बांधून घ्या.

आणि महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असतेच. ती नीट झाली, तिचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवले, तर तुमची टाकी मळ्याकडे गेली नसती. आमच्याकडे बरेचदा ती वहीतच होते. माझ्याकडेही झाली आहे, खोटं कशाला बोलू.


मोहफूल
२३ ऑगस्ट, रात्री ८.००

गडचिरोलीत काही वर्षं काम केलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) इथं मी सभा पाहिल्या. "दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं हेच ते गाव. इमारतीची गोष्ट तिथं फार नंतरची. बहुमतानं निर्णय घ्यायचा नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं, हा त्यांचा नियम. एकानं जरी मान हलवली नाही तर विषय पुढच्या सभेला. त्यामुळे कोपऱ्यातल्या माणसाला विचारावंच लागतं, तो कुठंही बसलेला असो. शिवाय अभ्यास गट वेगळा. तिथं बाहेरची माणसं येऊन माहिती देतात, चर्चा होते, पण निर्णय फक्त ग्रामसभेत. २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला तो या बैठकीच्या जोरावर.

पण ते गोंड गाव आहे, एका समाजाचं, लहान. तुमच्या आठ खांबांच्या देवळाला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. एकच घ्या. पाण्यासारखा विषय एका सभेत मांडायचा आणि पुढच्या सभेत ठरवायचा.


बंडूनाना
२४ ऑगस्ट, दुपारी १२.१०

डिझाइन-बिझाइन काही नसतं हो. ज्याचा ठेकेदार त्याची टाकी. गोल बसा नाहीतर चौकोनी.


गिरणीवाली
२४ ऑगस्ट, दुपारी ४.४५

नाना, ठेकेदार कुणाचा ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्याच्या घरचं दळण माझ्याकडेच येतं. पण ते मोठ्यानं विचारायला मला त्याच खोलीत, ऐकू येईल अशा अंतरावर बसायला तर मिळू दे.

बाकी सगळ्यांचे आभार. गुरुजी, खडूचं करते. २ ऑक्टोबरची सभा शाळेच्या हॉलमध्ये घ्यायला सरपंच तयार झालेत, पाऊस परतीचा असतो हे कारण देऊन.


गिरणीवाली
५ ऑक्टोबर, रात्री ११.१०

झाली एकदाची. लिहायला तीन दिवस लागले, दसऱ्याच्या दळणाचा ढीग अजून आहे.

आदल्या संध्याकाळी मी, अंगणवाडीच्या ताई आणि शाळेतली सातवीची पोरं, असं मिळून हॉलमध्ये खडूनं नवं सभागृह आखलं. तीस बाय वीस. टेबल टोकाला न ठेवता लांबीच्या भिंतीला, मधोमध. त्यामुळे कुणीही टेबलापासून पंचवीस फुटांच्या पलीकडे जात नाही. जाजमं तिन्ही बाजूंनी. दोन दारं, त्यातलं एक टेबलाच्या जवळ. उशिरा आलेली बाई पुढूनच आत येते आणि पुढंच बसते, तिला दुसरी वाटच नाही. म्हाताऱ्यांसाठी भिंतीला बाकं. सदस्यांना वेगळी जागा आखलीच नाही. सात जण जाजमावर, जिथं जागा मिळेल तिथं. खुर्ची एकच, ग्रामसेवकांना, कारण त्यांचा मणका खरंच दुखतो. सरपंच त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. स्टूल पाहून आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाले, "गांधीजयंती आहे, चालतंय."

खांब नव्हते. तुम्हाला ही गोष्ट बारीक वाटेल, पण टेकायचे खांबच नसल्यामुळे पुरुष मंडळी पहिली दहा मिनिटं नुसती उभी होती. कुठं बसायचं ते कुणाला कळेना. मग मिळेल तिथं बसले. खालच्या आळीतले दोघे टेबलासमोर बसले, त्यांनाही ते बसल्यावर लक्षात आलं असावं, कारण एकजण उठायला लागला. पोरांनी त्याच्या मागं जाजम अंथरलेलं होतं, तिथं माणसं बसली होती. उठून जायला जागा नव्हती. बसला.

सासरे बाकावर, म्हणजे माझ्यापेक्षा उंचावर. मी खाली. पदराचा प्रश्न मिटला. मी बोलले. टाकीचा विषय काढला, पाणी वरच्या आळीत का चढत नाही ते विचारलं. आवाज थरथरत होता, ते मान्य. माईक मी मुद्दाम घेतला नाही, हॉलमध्ये गरजच पडली नाही. मग वरच्या आळीतल्या तिघी बोलल्या, एकदम, एकमेकींचं ऐकून न घेता. गोंधळ झाला. एका भाऊबंदानं, "बायकांना बसवलं की हे असं होतं" म्हटलं, तेही सगळ्यांना ऐकू गेलं. देवळात हेच तो शेजाऱ्याच्या कानात म्हणाला असता. मोहफूल, तुमचं ऐकून मी विषय पुढच्या सभेवर ठेवा म्हटलं. टाकीचं काम तोवर थांबवायचं ठरलं. टाकी हलणारच असं नाही. नाना हसतील.

फसलं ते पण सांगते. दुसरं दार रस्त्याकडे उघडतं, तिथून तरण्या पोरांचं डोकावणं आणि मोबाईलवर शूटिंग चालू होतं. एका सुनेचा बोलतानाचा व्हिडिओ रात्री गावच्या ग्रुपवर फिरला. ती परत येईल का, शंका आहे. दार मागच्या अंगाला घ्यायला सांगितलंय. संडास दोन झाले, पण ते अजून वळसा घालूनच आहेत, ड्रेनेजचं कारण सांगतात.

मंचाचं असं झालं की अडीच फुटांवरून सहा इंचांवर आलाय. पूर्ण गेला नाही. "ध्वजारोहणाच्या पाहुण्यांना कुठं बसवायचं?" या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. सहा इंचांवर मी जाजम अंथरणार, ते आताच सांगून ठेवते. सूचना फलक केबिनमधून बाहेर आला, बस थांब्याकडच्या भिंतीवर. कोनशिला होती तिथंच आहे.

आता राहिली खिडकी. उतारा, दाखला मागायला येणारा माणूस आणि आत बसलेला ऑपरेटर यांची नजर सारखी यावी असं मला वाटतं. वाकावंही लागू नये आणि टाचा उंचावाव्याही लागू नयेत. माप किती ठेवू? कुणाला माहीत असेल तर टाका, सोमवारी नकाशा परत जातोय.


निवृत्त गुरुजी
६ ऑक्टोबर, सकाळी ५.५०

माप आम्हाला विचारू नका. गावातली सगळ्यात बुटकी म्हातारी भिंतीपाशी उभी करा, कोपर मुडपायला सांगा, अन् तिथं खूण करा. आतल्या माणसाची खुर्ची त्या हिशोबानं ठरवा.


गिरणीवाली
६ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

केली. दळण घेऊन आली होती, गिरणीच्या भिंतीलाच उभी केली. दोन फूट नऊ इंच.